मुक्या वार्धक्याची शुश्रूषा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत ‘जीवदया’ या विषयावर एका पशुवैद्यकांनी दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी आजारी, म्हाताऱ्या कुत्र्याविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटण्याचा संभव आहे. विश्वस्तांनी मला ‘जीवदया’ हा विस्तृत विषय दिला होता. त्यातील हा लहानसा भाग मी मुद्दाम मागून घेतला. जीवदया म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गोशाळा येते, पांजरपोळ येतो, पक्ष्यांच्या दाण्यापाण्याची सोय येते. दहा-बारा वर्षे आपल्याच दाराशी राखण केलेला आणि आता उठताना ज्याचे मागचे पाय थरथरतात, असा घरचा कुत्रा मात्र या यादीत सहसा नसतो. दूरच्या जीवासाठी देणगी देणे तुलनेने सोपे असते. जवळच्या जीवासाठी रात्री दोन वाजता उठणे कठीण असते. आज मी या कठीण जीवदयेविषयी बोलणार आहे.

पांजरपोळाच्या उगमाशी कुत्राच होता

आरंभी थोडा इतिहास. १८३२ साली मुंबईत मोकाट कुत्रे मारण्याची सरकारी मोहीम चालू होती. तिच्याविरुद्ध पारशी बांधवांनी मोठा उठाव केला आणि इतर समाजांतील लोकही त्यात उतरले. या घटनेनंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि आपले शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. भुलेश्वरच्या परिसरात आजही तो आहे. आज पांजरपोळ म्हटले की आपल्याला गाय-बैल आठवतात. परंतु या संस्थेच्या जन्मामागे रस्त्यावरचा, कोणाचाही नसलेला कुत्रा होता, हे आपण विसरता कामा नये.

शास्त्रातही कुत्र्याला स्थान नाही असे नाही. जीवंधरकुमारांची कथा आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकली असेल. मार खाऊन मरणासन्न झालेल्या कुत्र्याच्या कानात त्यांनी णमोकार मंत्र म्हटला आणि तो जीव यक्ष होऊन पुढे त्यांच्या साहाय्यास आला. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात धर्माचे माहात्म्य सांगताना उदाहरण येते तेही कुत्र्याचेच. कुत्रा हा संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंच आहे, म्हणजे त्याला मन आहे, असे आपले शास्त्र सांगते. त्याला वेदना होतात, भीती वाटते, माणूस ओळखता येतो, ही गोष्ट आधुनिक पशुवैद्यकशास्त्राने आपल्या मार्गाने मान्य केली आहे. या ठिकाणी दोन्ही शास्त्रांची वाट एकच आहे.

वार्धक्य ओळखावे कसे?

कुत्रा म्हातारा केव्हा होतो, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर त्याच्या आकारावर अवलंबून असते. ग्रेट डेनसारखा अजस्र कुत्रा सहाव्या-सातव्या वर्षीच वृद्ध समजावा. लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड आठव्या वर्षाच्या सुमारास उताराला लागतो. पॉमेरेनियनसारखा लहान कुत्रा दहा-अकरा वर्षांपर्यंत तरतरीत राहू शकतो. आपल्या देशी कुत्र्याला घरचे अन्न आणि लसीकरण मिळाले, तर तो पुष्कळदा बारा ते पंधरा वर्षे साथ देतो.

मात्र वार्धक्य हा स्वतः काही रोग नव्हे, हे पक्के लक्षात ठेवावे. ‘आता म्हातारा झाला, चालायचेच’ या एका वाक्याने जितके कुत्रे विनाकारण वेदना भोगतात, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने भोगत असतील. जिना चढायचे त्याने सोडले, तर तो आळशी झाला असे आपण म्हणतो. वास्तविक त्याचे सांधे झिजलेले असतात आणि त्यावर उपचार असतात. पोळीचा तुकडा तोंडात घेऊन तो खाली टाकतो, तेव्हा त्याची भूक मेली असे आपण समजतो. वास्तविक त्याची दाढ किडलेली किंवा हिरडी सुजलेली असते. कुत्रा सहसा कण्हत नाही. वेदना लपविणे हा त्याचा स्वभाव आहे. म्हणून त्याच्या तक्रारीची वाट न पाहता आपणच निरीक्षण करावयाचे असते.

कोणत्या गोष्टींचे निरीक्षण करावे? पहिली गोष्ट पाणी. चोवीस तासांत तो किती पाणी पितो, हे एकदा मोजून पाहावे. वजनाच्या दर किलोमागे शंभर मिलिलिटरपेक्षा अधिक पाणी लागत असेल, तर मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह यांसारख्या रोगांचा संशय घ्यावा. नसबंदी न झालेल्या मादीत माजानंतर एक-दोन महिन्यांनी अशी तहान, मलूलपणा किंवा स्राव दिसल्यास गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तेथे एक दिवसाचाही विलंब प्राणावर बेततो. दुसरी गोष्ट श्वास. कुत्रा गाढ झोपेत असताना त्याची छाती मिनिटाला किती वेळा वरखाली होते ते मोजावे. ही संख्या सातत्याने तीसच्या वर राहत असेल, तर हृदय किंवा फुप्फुस तपासून घ्यावे. लहान जातीच्या वृद्ध कुत्र्याचा रात्रीचा खोकला पुष्कळदा घशाचा नसून हृदयाच्या झडपेचा असतो. तिसरी गोष्ट वजन. दर महिन्याला ते वहीत नोंदवावे. कुत्र्याला उचलून आपण वजनकाट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे, इतके हे सोपे आहे. भारी कुत्र्यासाठी दवाखान्यातील काटा वापरावा.

सातव्या-आठव्या वर्षानंतर दर सहा महिन्यांनी रक्त व लघवी तपासून घ्यावी, असा माझा आग्रह असतो. मूत्रपिंडाचे सुमारे तीन चतुर्थांश कार्य गेल्यावरच रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते. लघवीचा पातळपणा त्याआधी सूचना देतो. तेव्हाच आहार व उपचार सुरू झाले, तर त्या जीवाचे पुढील आयुष्य पुष्कळ सुसह्य होते.

डोळ्यांविषयी एक दिलासा. उतारवयात दोन्ही डोळ्यांत निळसर धूसरपणा येतो. तो प्रत्येक वेळी मोतीबिंदू नसतो आणि त्याने दृष्टी फारशी जातही नाही. काही वृद्ध कुत्रे मात्र भिंतीकडे पाहत उभे राहतात, कोपऱ्यात अडकतात, रात्रभर येरझाऱ्या घालतात, घरात लघवी करू लागतात. हा हट्ट नव्हे. माणसाच्या स्मृतिभ्रंशासारखाच हा मेंदूचा विकार आहे. अशा कुत्र्यावर ओरडू नये. रात्री मंद दिवा ठेवावा, घरातील सामानाची जागा बदलू नये, जेवणाची वेळ बदलू नये.

घरातील व्यवस्था

आपल्या घरातील गुळगुळीत फरशी ही वृद्ध कुत्र्याची मोठी शत्रू. पाय घसरला की सांधा दुखावतो आणि मग भीतीपोटी तो उठायचेच सोडतो. तो जेथून जातो तेवढ्या वाटेवर जुनी सतरंजी, गोणपाट किंवा रबरी चटई अंथरावी. नखे वाढू देऊ नयेत. निजावयास जाड गोधडी द्यावी. जेवणाचे भांडे पाटावर ठेवून थोडे उंच केल्यास मान दुखणाऱ्या कुत्र्यास आराम पडतो.

जो कुत्रा अंथरुणाला खिळला आहे, त्याची कूस दर तीन-चार तासांनी बदलावी. नाही तर कोपर आणि खुबा यांवर जखमा होतात. पावसाळ्यात अशा जखमेवर माशी बसते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अळ्या दिसतात. मग आपल्यापुढे धर्मसंकट उभे राहते. कुत्रा वाचवावा तर अळ्यांची हिंसा, अळ्या वाचवाव्यात तर कुत्र्याची. हे संकट आल्यावर सोडविण्यापेक्षा येऊच न देणे हे श्रावकाचे काम आहे. लघवीने भिजलेले अंग कोमट पाण्याने पुसून कोरडे करणे, मागच्या भागाचे लांब केस कापणे, दिवसा मच्छरदाणी लावणे, एवढी यतना केली तर दोन्ही बाजूंची हिंसा टळते. गोचिडांचेही तेच. आणि जखम झालीच, तर तीत फिनेल, रॉकेल, पेट्रोल ओतण्याचा अघोरी उपाय कोणीही करू नये. त्याने होणारा दाह आपण आपल्या त्वचेवर एक क्षण सोसू शकणार नाही.

आहाराविषयी मला सर्वाधिक प्रश्न विचारले जातात. मांजराप्रमाणे कुत्रा पूर्णतः मांसावलंबी प्राणी नाही. योग्य रीतीने जुळविलेल्या शाकाहारावर तो राहू शकतो. परंतु दूध-पोळी म्हणजे जुळविलेला शाकाहार नव्हे. पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही आणि नुसत्या पोळीत पुरेशी प्रथिने नसतात. पनीर, ताक, मुगाची डाळ, सोयाबीन, लाल भोपळा, भात यांचे प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास ते प्रमाण बदलते. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक असतात. ते आपल्यापैकी पुष्कळांच्या स्वयंपाकघरात नसतातच, ही चांगली गोष्ट. परंतु द्राक्षे, मनुका, बेदाणे आणि चॉकलेट ही आपल्या घरात विपुल असतात आणि तीही कुत्र्यास विषारी आहेत. प्रसादाचा बेदाणा प्रेमाने भरवू नये.

त्याहून महत्त्वाचे औषधांविषयी. घरातील आजोबांची गुडघेदुखीची गोळी म्हाताऱ्या कुत्र्याला अर्धी करून देणे, हा प्रकार मी आजही पाहतो. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होतात. पॅरासिटामॉल त्याच्या यकृताला इजा करू शकते. याच डायक्लोफिनॅकमुळे आपल्या देशातील गिधाडे नष्टप्राय झाली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली, हे जीवदयाप्रेमी मंडळींस ठाऊक असावे. कुत्र्यासाठी वेगळी, सुरक्षित वेदनाशामके उपलब्ध आहेत. ती पशुवैद्यकाने तपासूनच द्यावयाची असतात.

व्रत आपले, तहान त्याची

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. आपल्या अनेक घरांत सूर्यास्तानंतर अन्न-पाणी वर्ज्य असते. ही मोठी साधना आहे आणि तिच्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु काही घरांत मी पाहिले की संध्याकाळनंतर कुत्र्याचेही पाण्याचे भांडे उचलले जाते. कोठे व्रताची शिस्त म्हणून, तर कोठे रात्री फरशी ओली होऊ नये म्हणून. मूत्रपिंड बिघडलेल्या कुत्र्याची लघवी पाणी तोडल्याने थांबत नाही. त्याच्या शरीरातून पाणी जातच राहते आणि सकाळपर्यंत तो सुकून जातो. एका रात्रीत त्याचा विकार कितीतरी पुढे सरकू शकतो.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत शिकलो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अति भार लादणे आणि अन्न-पाणी रोखणे. हे पाचही अतिचार घरातल्या, आपल्या ताब्यातल्या जीवाच्या संदर्भात किती चपखल बसतात, याचा विचार करावा. जंगलातल्या वाघाचे पाणी कोणी तोडत नाही. जो आपल्यावर अवलंबून आहे त्याचेच तोडले जाते. साखळीने चोवीस तास बांधलेला म्हातारा कुत्रा आणि रात्री रिकामे राहणारे भांडे, ही दोन दृश्ये ज्या घरात नाहीत, त्या घरी अणुव्रत नांदते असे मी समजतो. व्रत आपण स्वेच्छेने घेतले आहे. तहान त्याची आहे. पर्युषणात आपला उपवास असला तरी त्याचे औषध, त्याचा घास, त्याचे पाणी वेळेवरच झाले पाहिजे.

शेवटचा प्रश्न

बंधु-भगिनींनो, ज्या प्रश्नासाठी पुष्कळजण व्याख्यान संपल्यावर मला बाजूला घेतात, तो मी येथेच मांडतो. ‘डॉक्टर, त्याचे हाल पाहवत नाहीत. इंजेक्शन द्यावे का?’

वैद्यकीय दृष्ट्या, असाध्य आणि असह्य वेदनेत प्राण्याचा वेदनारहित अंत करणे जगभर मान्य आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० यातही, ज्या प्राण्यास जगविणे हीच क्रूरता ठरेल त्याच्याबाबत विशिष्ट परिस्थितीत तशी तरतूद आहे. दुसरीकडे, आपल्या परंपरेत जीवाचे आयुष्य आपल्या हाताने संपविणे ही हिंसाच मानली गेली आहे, मग हेतू करुणेचा का असेना. या दोन भूमिकांमध्ये मी न्यायाधीश होऊ इच्छित नाही. पूर्ण विचारान्ती, डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि अश्रू ढाळत जे कुटुंब हा निर्णय घेते, त्याला निष्ठुर म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु जे इंजेक्शन नाकारतात, त्यांना मला एक गोष्ट स्पष्टपणे सांगावयाची आहे. नाकारण्याने अहिंसा पूर्ण होत नाही. ती तेथून सुरू होते. ‘आम्ही जैन आहोत, आम्ही मारणार नाही’ असे म्हणून कुत्र्याला जिन्याखाली पोत्यावर टाकून देणे आणि त्याच्या मृत्यूची वाट पाहणे, ही अहिंसा नव्हे. ज्याने त्याचा मृत्यू नाकारला, त्याने त्याची वेदना शमविण्याची जबाबदारी स्वीकारली. वेदनाशामक औषध वेळेवर देणे, गरज असेल तर सलाईन लावणे, कूस बदलणे, तोंडात चमच्याने पाणी घालणे, मलमूत्र काढणे, जवळ बसणे हे सर्व त्या नकाराचे मोल आहे. ते देण्याची तयारी असेल, तर तो नकार पवित्र आहे.

काहीजण येथे सल्लेखनेचा दाखला देतात. ‘त्याने अन्न सोडले आहे, आता भरवू नका’ असे म्हणतात. येथे अत्यंत सावधपणे विचार करावा. सल्लेखना हे जाणीवपूर्वक, समभावाने, स्वतः स्वीकारलेले व्रत आहे. तिर्यंचांनी अंतसमयी आहारत्याग केल्याच्या कथा आपल्या पुराणांत आहेत. परंतु तेथेही तो भाव त्या जीवाचा स्वतःचा होता. दुसऱ्याने तो त्याच्यावर लादता येत नाही. कुत्र्याने अन्न सोडले, तर प्रथम त्याचे दात पाहावेत, मळमळ आहे का ते पाहावे, रक्त तपासावे. साध्या औषधाने दुसऱ्या दिवशी जेवू लागलेले कुत्रे मी कितीतरी पाहिले आहेत. खरोखर शेवट जवळ आला असेल, तर बळजबरीने घास कोंबू नये. पण पाण्याचे भांडे तोंडाजवळून हलवूही नये.

त्याची अवस्था नेमकी कशी आहे, हे ठरविण्यास भावनेपेक्षा नोंद उपयोगी पडते. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यक विदुषींनी २००४ मध्ये यासाठी एक सोपी पद्धत सुचविली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यावयाचे. अवस्था जितकी चांगली, तितके गुण अधिक. सत्तरपैकी पस्तीसच्या वर गुण असतील, तर शुश्रूषा चालू ठेवण्याजोगी अवस्था आहे असे मानतात. घरातील दोन-तीन माणसांनी दर आठवड्याला स्वतंत्रपणे गुण लिहावेत. आईचे आणि मुलाचे गुण वेगळे आले, तर त्यावर शांतपणे बोलावे. कोणत्या बाबतीत गुण घसरले हे कळले, की औषध बदलावे, अंथरूण बदलावे की फेरतपासणी करावी, हेही कळते.

ट्रस्टपुढील एक विनंती

अनेक ठिकाणी असा अनुभव येतो की वृद्ध कुत्रा पांजरपोळाच्या दारात आणून सोडला जातो आणि सोबत देणगीचा धनादेश दिला जातो. देणगी स्तुत्य असेल; परंतु जो जीव बारा वर्षे एका कुटुंबाच्या आवाजावर जगला, त्याला शेवटच्या महिन्यांत अनोळखी पिंजरा मिळणे हे त्याच्या दृष्टीने सर्व काही हरवणे आहे. रस्त्यावर सोडून देणे तर कायद्यानेही क्रूरता ठरू शकते. उपासमारीची वेळ येईल अशा स्थितीत सबळ कारणाविना प्राणी टाकून देणे, हा वर उल्लेखिलेल्या १९६० च्या अधिनियमाच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे. सजीवांविषयी करुणा बाळगणे हे तर राज्यघटनेच्या ५१ (क) या अनुच्छेदानुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्यच आहे.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने माझी नम्र विनंती अशी की जीवदया निधीतील थोडा भाग घरीच राहून म्हाताऱ्या होणाऱ्या प्राण्यांसाठी ठेवावा. फार मोठी योजना नको. ज्या कुटुंबाला रक्ततपासणीचा वा औषधाचा खर्च झेपत नाही, त्यास मदत मिळावी. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांच्या कुत्र्याला दवाखान्यात नेण्यासाठी आपल्या युवक मंडळातील दोघांनी आळीपाळीने वेळ द्यावा. पाठशाळेतील मुलांना पाण्याचे भांडे भरण्याची आणि श्वास मोजण्याची जबाबदारी द्यावी. अणुव्रत पुस्तकातून पाठ होते. हाताला मात्र ते अशा कामातूनच लागते.

शेवटी एवढेच सांगतो. कुत्र्याचा अंतकाळ आला, तर त्याला कोपऱ्यात एकटे सोडू नका. ज्या माणसाचा आवाज तो आयुष्यभर ऐकत आला, त्या माणसाने त्याच्या मस्तकावर हात ठेवावा आणि हळू आवाजात णमोकार मंत्र म्हणावा. जीवंधरकुमारांनी ज्याच्यासाठी हे केले, तो कुत्रा त्यांचा कोणीही नव्हता. आपल्या दारातील मुका वृद्ध तर आपलाच आहे.